हिरवं कुठवर आलं?

कारखान्यात त्याला सगळे मोतीसाहेब म्हणत. नाव ऐकून नवख्याला वाटे, ही कुणीतरी बडी असामी असणार. मग तो आपणहून खुलासा करी, "अहो, मोती हे कुत्र्याचं नाव. पुढे साहेब लावलंय ते नुसतं माझ्या पदवीची लाज राखायला." पदवी रसायनशास्त्राची होती. ती त्याला कशी मिळाली हेही तो हल्ली कुणी न विचारता सांगतो, पण ते तोंडातून बाहेर पडायला त्याला चाळिशी उलटावी लागली.

कारखाना नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी आणि टॉवेल अडकवायच्या दांड्या चकचकीत करायचा. पुढच्या भागात निकेलचा मुलामा चढवायच्या हौदांची रांग. तोटी हौदात बुडवायची, वर काढायची, धुवायची, पुसायची आणि तिच्यात आपलं तोंड दिसतंय का बघायचं. पुढच्या लोकांचा तोराही तोट्यांसारखाच चकचकीत. मोतीसाहेबाचं राज्य मागच्या भिंतीपलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. तोट्या धुतलेलं पाणी पाइपातून तिथे येई, आणि त्यातलं निकेल काढून घेतल्याशिवाय ते गटारात सोडायचं नाही, हे त्याचं काम. सासऱ्यांनी पहिल्या भेटीत "काय करता?" म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "पाण्यातून धातू काढतो." सासरे बिचारे पुढे दोन वर्षं चारचौघांत सांगत होते की जावई सोन्याच्या व्यवसायात आहेत.

सुरुवातीला सगळा कारभार चुन्यावर चाले. पाण्यात चुना टाकला की निकेलचा गाळ होऊन तळाशी बसायचा. पण तोट्यांना चमक यावी म्हणून पुढच्या हौदांत जी औषधं घालत, ती निकेलला घट्ट धरून ठेवत, आणि थोडं निकेल चुन्याला दाद न देता सरळ गटारात जाई. "आम्ही पाण्याला चुना लावत होतो," तो म्हणे, "आणि पाणी आम्हाला." एक दिवस प्रदूषण मंडळाचे तपासनीस आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले, आणि पंधरवड्याने नोटीस आली.

कारखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "याच्यावर रेझिनचा उपाय आहे म्हणतात. तुम्ही तीन दिवस जाऊन शिकून या."

तो गेला. शिकवणारे गृहस्थ हुशार होते. त्यांनी बाटलीतून खसखशीएवढे मणी तळहातावर ओतून दाखवले. "साध्या रेझिनचे मणी म्हणजे गर्दीच्या वेळची बस," ते म्हणाले. "पाण्यातला चुना, मीठ, जो येईल तो आत. निकेलला जागाच उरत नाही. या मण्यांना मात्र खेकड्यासारख्या नांग्या आहेत असं समजा. हे मिठाकडे ढुंकूनही बघत नाहीत. निकेल, तांबं असली जड मंडळी दिसली की दोन्ही बाजूंनी पकडतात आणि सोडत नाहीत. मणी भरले की ॲसिडने धुवा. ॲसिड आलं की नांग्या सुटल्या, निकेल बाहेर. मग कॉस्टिक सोडा, की मणी पुन्हा कामाला तयार." मोतीसाहेबाने हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी जेवण फार चांगलं होतं, आणि त्या दुपारची त्याला आठवणारी तेवढी एकच गोष्ट. वहीत त्या तासाची एकच ओळ आहे: 'कॉस्टिक घातल्यावर रेझिन फु', आणि 'फु'च्या शेपटीपासून पेनाची रेघ निघून थेट पानाच्या खालच्या कोपऱ्यात उतरली आहे. परत आल्यावर त्याने डोकं लढवून ते वाक्य पुरं केलं: 'कॉस्टिक घातल्यावर रेझिन फुटत नाही.' वाचून जिवाला बरं वाटावं असं वाक्य होतं.

शेडमध्ये दोन कॉलम उभे राहिले. कॉलम म्हणजे पुरुषभर उंचीचे, आरपार दिसणारे जाड पाइप. पहिल्यात मणी भरले, ॲसिडने धुतले, तेव्हा ते आकसले आणि वर हातभर जागा मोकळी झाली. मोतीसाहेबाला वाटलं, एवढी जागा वाया कशाला घालवायची? त्याने उरलेलं पोतं ओतून कॉलम काठोकाठ भरला. झाकण लावायला आलेला फिटर वयाने मोठा आणि हाताखालून शंभर पाइप गेलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, वर थोडं मोकळं ठेवू या का?"

"तुम्ही पाना फिरवा," मोतीसाहेब म्हणाला. "रेझिन फुटत नाही."

दहा वाजता बाई आल्या, मागोमाग ऑफिसातली माणसंही आली. सगळ्यांना दारातच उभं करून त्याने कॉस्टिकची चावी उघडली आणि भाषण सुरू केलं. चार वाक्यं झाली असतील. कॉलममधून करकर आवाज यायला लागला. त्याला वाटलं, काम सुरू झालं. मणी टम्म फुगत होते, आकसले होते त्याच्या दीडपट होऊ बघत होते, आणि वर झाकण घट्ट. मग कॉलम वरपासून खालपर्यंत उभा तडकला. वहीतलं वाक्य खरं ठरलं, रेझिन फुटलं नाही.

सगळे लांब होते म्हणून कुणाच्या अंगावर काही उडालं नाही. पण लाखो मणी जमिनीवर गडगडत सुटले. चावी बंद करायला फिटर चार पावलं धावला आणि उरलेलं अंतर त्याने बसून कापलं. त्याला उठवायला गेलेला कारकूनही त्याच मार्गाने गेला. तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "कुणी हलायचं नाही! जो जिथे आहे तिथे उभा राहा!" आवाज झाडूवाल्या मावशींचा होता. खुद्द बाईसुद्धा पाव तास दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि मावशींनी पाण्याचा फवारा मारत, झाडू फिरवत एकेकाला वाट करून दिली. संध्याकाळपर्यंत त्याचं बारसं झालं होतं. "साहेबांनी मोती सांडले," फिटर कंबर चोळत सांगत होता. बाई एवढंच म्हणाल्या, "नवा कॉलम मागवा. आणि या वेळी भरायच्या आधी वही कुणालातरी दाखवा."

त्याने वही फिटरला दाखवली. फिटरने ती ओळ वाचली, रेघेवरून बोट फिरवत कोपऱ्यापर्यंत नेलं आणि म्हणाला, "साहेब, 'फुगतं' असणार हे."

नवा कॉलम निम्माच भरला आणि काम बिनबोभाट सुरू झालं. तिथून मोतीसाहेबाची खरी पंचाईत सुरू झाली.

कोरे मणी मळकट पांढरे असतात. निकेल धरलं की हिरवे होतात. पाणी वरून सोडायचं, म्हणजे हिरवा पट्टा वरून खाली उतरत येतो. तो खालच्या काळ्या खुणेला टेकला की पाणी दुसऱ्या कॉलमकडे वळवायचं आणि पहिला धुवायला घ्यायचा. उशीर झाला तर निकेल मण्यांना चुकवून पुढे निसटतं. शिकवणारे म्हणाले होते, यात अवघड काही नाही, नुसते डोळे उघडे ठेवा. मोतीसाहेब सकाळपासून खुर्ची टाकून, डोळे फाडून कॉलमसमोर बसला. दुपार टळली तरी कॉलमात काही म्हणजे काही घडेना.

आपले डोळे रंगांच्या बाबतीत जरा मंद आहेत हे त्याला शाळेपासून माहीत होतं. चित्रकलेच्या तासाला त्याने तपकिरी पानांचं आणि हिरव्या खोडाचं झाड काढलं होतं, आणि मास्तरांनी ते वाळलेलं झाड समजून कौतुक केलं होतं. हिरवा हा तपकिरीचाच कुणी चुलतभाऊ असावा, आणि बाकीचे लोक दोघांना अंदाजाने वेगळं ओळखत असावेत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. आपला अंदाज कच्चा, एवढंच.

शेडचे कोपरे झाडता झाडता मावशी कॉलमपाशी आल्या. "अगंबाई! किती सुंदर हिरवं झालंय. पार खाली आलं की हो साहेब."

"हो हो," तो म्हणाला, "तेच बघतोय मी." आणि उठून त्याने निमूट पाणी दुसऱ्या कॉलमला वळवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने शक्कल काढली. मावशी दिसल्या की तो मास्तरकीचा आव आणून विचारी, "सांगा बघू मावशी, हिरवं कुठवर आलं?" मावशी झाडूचा दांडा टेकवून सांगत, "अर्ध्याच्या खाली चार बोटं." तो म्हणे, "शाब्बास." आठवडाभर हे नाटक चाललं. मावशींची सातवीत शाळा सुटली होती, पण डोकं सुटलं नव्हतं. एके दुपारी दोघंच असताना त्या म्हणाल्या, "साहेब, जरा ती हिरवी बादली द्या ना."

कोपऱ्यात दोन बादल्या होत्या. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने एक उचलून दिली.

मावशींनी बादली घेतली, खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ही लाल आहे."

त्याने घाईघाईने दुसरी बादली पुढे केली.

"माझा धाकटा भाऊ असाच आहे," त्या म्हणाल्या. "गाडीचा परवाना दिला नाही त्याला. त्याने काही कुणाचं वाकडं केलं नव्हतं. तुम्ही घाबरू नका. मी सांगत जाईन."

त्या दिवसापासून चारचौघांत तो 'साहेब' आणि शेडमध्ये 'भाऊ' झाला. मावशी दर तासाला एक फेरी मारून कॉलमवर खडूने आडवी रेघ ओढत, आणि तो रेघ बघून नोंदवहीत आकडा लिहून टाकी. पाण्याचा आंबटपणा यंत्रावर आकड्यांत दिसे, तो भाग त्याचा. बाहेर जाणाऱ्या पाण्याची चाचणी मात्र पुन्हा रंगावर आली. पेल्यात पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे. निकेल असलं तर गुलाबी, नसलं तर काही नाही. ती मावशी बघत. बघता बघता त्यांनी विचारायला सुरुवात केली. थेंब कसले? ॲसिड आधी का? पाणी फार आंबट असलं तर मणी निकेल का धरत नाहीत? तो सांगत गेला. सांगताना त्याच्या लक्षात आलं की निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतःलाच नीट येत नाहीत, तेव्हा तो घरी जाऊन पुस्तक उघडायला लागला. "डोळे त्यांचे, पदवी माझी," तो नंतर सांगे, "आणि अभ्यास त्यांच्या धाकाने."

अशी सहा वर्षं गेली. तपासनीस तीनदा येऊन गेले, तिन्ही वेळा पाणी स्वच्छ निघालं. बाईंनी वार्षिक सभेत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मावशी हॉलच्या मागच्या दाराशी चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनीही ट्रे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मोतीसाहेब उठून उभा राहिला, मान लववली आणि बसला. आपण त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. पण तोंड उघडण्याच्या कामात तो तोपर्यंत फक्त जेवणाच्या वेळीच तरबेज होता.

मग मावशींच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, "भाऊ, मी महिनाभर नाही. कुणालातरी विश्वासात घ्या. फिटरला सांगा."

"बघतो," तो म्हणाला.

त्याने फिटरला सांगितलं नाही. त्याने हिशोब केला. सहा वर्षांच्या नोंदी होत्या, एक कॉलम साधारण नऊ तास टिकतो. मग आपण आठ तासांनीच बदलायचा, डोळ्यांचा संबंधच नको. कागदावर ही योजना निर्दोष होती. सलग अकरा दिवस ती चाललीसुद्धा, आणि तो स्वतःवर इतका खूश झाला की मावशींना फोन करून म्हणाला, "तुम्ही अगदी निवांत आराम करा." बाराव्या दिवशी पुढच्या भागात नवीन प्रकारच्या पोकळ मुठी आल्या. त्यांच्या पोटात निकेलचं पाणी साठून राही आणि धुताना सगळं बाहेर पडे. शेडकडे येणाऱ्या पाण्यातलं निकेल दीडपट झालं. कॉलम सहा तासांतच भरून हिरवागार झाला होता, आणि मोतीसाहेब त्याच्यासमोर बसून घड्याळाकडे बघत होता.

सातव्या तासाला शेडच्या दारात बाई उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर नव्या तपासनीस बाई होत्या, हातात बाटल्यांची पेटी.

"मी नमुना घेऊन जाणारच आहे," तपासनीस म्हणाल्या, "पण तुमची रोजची चाचणी आधी इथेच करून दाखवा."

त्याने पेला धुतला, पाणी घेतलं, थेंब टाकले, पेला हलवला आणि उजेडात धरला. "बघा," तो हसून म्हणाला, "काही नाही. स्वच्छ."

पेल्यातलं पाणी भडक गुलाबी झालं होतं. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता म्हणे. त्याला तोही दिसला नाही.

"तुम्ही मला मूर्ख समजता का?" तपासनीस शांतपणे म्हणाल्या.

त्या क्षणी त्याच्या डोक्यात तीन-चार सबबी येऊन गेल्या. थेंब जुने आहेत. पेला नीट धुतला नव्हता. पण त्याने बाईंकडे बघितलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. आपल्या कारखान्यात आपल्यासमोर कुणी सरळ सरळ खोटं बोलतंय, असं त्यांना वाटत असणार, हे त्याला कळलं, आणि मग सबब जिभेवर टिकेना.

"मॅडम, रंग कोणता आला?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मला खरंच दिसत नाही. लाल, हिरवा, गुलाबी, मला सगळं सारखंच. लहानपणापासून." मग त्याने हात लांबवून आधी गटाराची चावी बंद केली आणि येणारं पाणी राखीव टाकीत वळवलं. हे काम त्याला डोळे मिटूनही येत होतं.

तपासनीसबाईंनी नोंदवही मागून घेतली. पानं उलटली. "सहा वर्षांच्या नोंदी आहेत. तासातासाच्या. बरोबर दिसतायत. हे कुणी बघितलं?"

"मावशींनी," तो म्हणाला. "शेड झाडतात त्या."

"आणि सही?"

"सही माझी."

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. नोटीस लागली, पंधरा दिवसांत फेरतपासणी. बाई जाताना म्हणाल्या, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि दाखला आणा. तोंडी विश्वास ठेवायचे दिवस संपले."

घरी गेल्यावर त्याने राजीनामा लिहिला. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. ती कॉलेजात त्याची प्रयोगशाळेतली जोडीदार होती, त्यामुळे घरात 'अरे-तुरे'च होतं. तिने तो कागद वाचला आणि विचारलं, "हे काय?"

त्याने सगळं सांगितलं. रंगांचं, मावशींचं, पेल्याचं. आणि आता एवढं सांगितलंच आहे तर तेही सांगून टाकावं म्हणून म्हणाला, "एक आणखी आहे. प्रॅक्टिकलला मी सारखा तुझ्याकडे बघायचो ना..."

"हो. मैत्रिणी चिडवायच्या मला."

"मी तुझ्याकडे बघत नव्हतो. तुझ्या फ्लास्ककडे बघत होतो. तू थेंब टाकायचं थांबलीस की मी थांबायचो."

बायको खुर्चीत बसून हसायला लागली. हसू आवरेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे बावळटा," ती म्हणाली, "तो फ्लास्क मी तुझ्या बाजूला मुद्दाम सरकवून ठेवायचे. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. तू निळ्या रंगाची वाट बघत होतास तेव्हा गुलाबी होऊन दोन मिनिटं झाली होती."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"तू एवढ्या कष्टाने लपवत होतास. म्हटलं, असू दे, त्याचा विरंगुळा आहे." मग तिने राजीनाम्याची घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली. "हा माझ्याकडे राहू दे. आणि अंगातला तो गुलाबी स्वेटर काढ. तो माझा आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांची पुस्तिका समोर धरली. "आकडा कोणता दिसतो?"

"ठिपके दिसतात."

पान उलटलं. "आणि इथे?"

"ठिपकेच. पण चांगले काढलेत."

"यावर औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तसं काही अडत नाही. काम काय करता?"

"हिरवा रंग कुठवर आला ते बघतो," मोतीसाहेब म्हणाला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी मावशी काठी टेकत हजर झाल्या. बातमी त्यांच्या घरापर्यंत पोचली होती. बाईंनी दोघांना एकदमच बोलावलं. टेबलावर डॉक्टरांचा दाखला होता.

"सहा वर्षं," बाई मोतीसाहेबाला म्हणाल्या. "माझ्यापासून लपवलंत ते लपवलंत. पण काम यांचं आणि सभेत टाळ्या तुम्ही घेतल्यात. त्याचं काय?"

"ते चुकलंच," तो म्हणाला. "राजीनामा लिहिला होता. तो बायकोच्या पर्समध्ये आहे."

मावशी मध्येच बोलल्या, "बाई, थोडं माझंही ऐका. मी इथे बावीस वर्षं झाडते. एवढ्या वर्षांत मला कुणी 'हे असं का होतं' ते सांगितलं नाही. यांनी सांगितलं. चुकीचंही सांगायचे कधीकधी, पण दुसऱ्या दिवशी येऊन दुरुस्त करायचे. यांना काढू नका. फक्त यांना एकटं सोडू नका."

बाईंनी दाखल्याची घडी घालून तो खणात ठेवला. मग म्हणाल्या, "उद्यापासून कॉलमच्या ऑपरेटर मावशी. सही त्यांची. तुम्ही आंबटपणा, ॲसिड, कॉस्टिक आणि लिखापढी सांभाळा. कॉलमच्या बाबतीत त्या सांगतील ते करायचं. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. "आताही तेच करतो."

"आणि झाडायला दुसरं माणूस मिळेपर्यंत?" मावशींनी विचारलं.

"तोपर्यंत हे झाडतील," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या की नाही हे दोघांनाही कळलं नाही. त्याने दहा दिवस शेड झाडली. कोपऱ्यांत कचरा तसाच राहतो म्हणून मावशींनी त्याला दोनदा परत झाडायला लावली.

फेरतपासणीला त्याच तपासनीसबाई आल्या. मावशींनी खुर्चीवर बसूनच पेला हातात घेतला, थेंब टाकले आणि उजेडात धरला. पाणी होतं तसंच राहिलं. तपासनीसबाईंनी विचारलं, "मग त्या दिवशी गुलाबी का झालं होतं?"

"त्या दिवशी मण्यांच्या सगळ्या नांग्या भरल्या होत्या," मावशी म्हणाल्या. "हात रिकामा नसला तर कोण काय धरणार? आता आम्ही पोकळ मुठी आधी उलट्या टांगून निथळून घ्यायला सांगितलंय. आणि तासांवर जात नाही. डोळ्यांनी बघूनच बदलतो."

तपासनीसबाईंनी लिहून घेतलं. बाहेर नेलेला नमुनाही पुढे स्वच्छ निघाला. त्यावर बाईंनी पुन्हा सभा घेतली, आणि या वेळी चहाचे कप मोतीसाहेबाने वाटले. कुणी सांगितलं नव्हतं. एक कप त्याने फिटरच्या मांडीवर सांडला, ते वेगळं.

मावशींनी आणखी चार वर्षं काम केलं. जाण्याआधी त्यांनी दोन मुली तयार केल्या, आणि शेडला एक नियम घालून दिला: जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. त्यामुळे ती शेड आता कारखान्यातली सगळ्यात गोंगाटाची जागा आहे. दर तासाला एका टोकाकडून हाक येते आणि दुसऱ्या टोकाला मोतीसाहेब लिहून घेतो. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी सांगतो, "मला रंग दिसत नाहीत. माझ्या शर्टाला कुणी नावं ठेवायची असतील तर आत्ताच ठेवून घ्या."

मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीचे एक बडे अधिकारी आपली माणसं घेऊन कारखाना बघायला आले. कडक इस्त्री, चकाकते बूट. मोतीसाहेब त्यांना मण्यांचं काम समजावून सांगत होता, तेवढ्यात आरोळी आली, "साहेब, हिरवं पाऊण!" पाहुणे दचकले. त्याने कारण सांगितलं, नेहमीसारखं, स्वतःची टिंगल करत, ठिपक्यांच्या पुस्तिकेसकट. बाकीची मंडळी हसत पुढे गेली. हे गृहस्थ मात्र मागे रेंगाळले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"एक विचारू? माझा टाय कोणत्या रंगाचा आहे?"

मोतीसाहेबाने टायकडे नीट निरखून बघितलं. मग म्हणाला, "मला विचारून काय उपयोग? थांबा." आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. यांचा टाय बघून सांग."

मुलगी हात पुसत आली. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. नियम नियम होता, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "टाय तपकिरी. मोजे, एक हिरवा आणि एक लाल."

पाहुण्यांनी पँट हळूच खाली ओढली, घसा साफ केला आणि कॉलमकडे वळून अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हं. तर हे मणी निकेल धरतात म्हणालात?"